थेंबाचा पत्ता

झाडाखाली राहणारा माणूस भिजत होता, पण त्याचे घर गळत नव्हते. छप्पर आले आणि गळती आली. इतिहासाच्या पुस्तकात अग्नीचा शोध असतो, चाकाचा शोध असतो. पण गळक्या छपराखाली पहिले भांडे कोणी ठेवले याची नोंद कुठेच नाही. ठेवले असणार ते बाईनेच. कारण पुरुष त्या वेळी वर बघत, "पण हे येतंय कुठून?" असे विचारत उभा असणार. तो अजून तिथेच उभा आहे.

एका जागी उभे असलेले घर गळते, हे समजू शकते. पण माणसाने फिरते घर काढले आणि गळतीलाही पाय फुटले. या बाबतीत आमच्या मानोऱ्याला मागासलेला तालुका म्हणायचे काम नाही. बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान पोहरादेवी आमच्याच तालुक्यात आहे. या समाजाचे तांडे शेकडो वर्षे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरले. मुक्काम पडला की गोण्या रचायच्या, पाल ठोकायचे, झाले घर! अवकाळी पाऊस आला आणि माणूस भिजला, तर तो सकाळी वाळतो. मिठाची गोणी भिजली, तर सकाळी नुसती गोणी उरते. तेव्हा गळती हा त्यांच्या घरी कुरकुरीचा विषय नव्हता, भांडवलाचा होता. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली, माल डब्यातून जाऊ लागला आणि तांडे हळूहळू गावोगाव स्थिरावले.

इकडे पोटासाठी फिरणारी घरे थांबू लागली, तर तिकडे विलायतेत हौसेसाठी फिरणारे घर निघाले. 1885 साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त आरमारी डॉक्टराने 'वाँडरर' नावाची दोन घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि पार स्कॉटलंडपर्यंत भटकून आला. पुढे वर्दी द्यायला नोकर तीनचाकी सायकलवर! पुढे घोडे गेले, इंजिन आले. अमेरिकेत तर मोटारीतच स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर सगळे झाले. पण एवढ्यावर समाधान मानील तर तो संसार कसला? कुणाची तरी बायको म्हणाली असणार, "सगळं छान आहे हो, पण हॉल लहान पडतो." 1990 साली तिथल्या एका कंपनीने सरकती खोली बाजारात आणली. गाडी उभी केली की बटण दाबायचे; कपाटाचा खण ओढावा तशी भिंतीतून खोलीच बाहेर येते. निघताना पुन्हा आत. आपल्याकडे वाढीव बांधकामाला परवाना लागतो, तिथे बटण लागते.

पण भिंत कापून खोली सरकवली की चारी बाजूंनी फट आली. फटीला रबराची पट्टी, पट्टीला ऊन, उन्हाने तडा आणि तड्याची वाट बघत बसलेला पाऊस. त्यातून पाणी हा मोठा लबाड प्राणी. शिरते छपराच्या कोपऱ्यात, लाकडी पट्टीवरून गुपचूप चालत जाते आणि भलत्याच ठिकाणी पलंगाखाली प्रकट होते. मालक पलंगाखालची फट बुजवतो. पाणी मनात हसते आणि आतले लाकूड कुजवत राहते. म्हणून जाणकार लोक वेगळी युक्ती करतात. गाडीची दारे-खिडक्या बंद करून पंख्याने आत हवा कोंडायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी मारायचे. जिथे बुडबुडा, तिथे भोक. म्हणजे आमच्या स्टँडवरचा पंक्चरवाला करतो तेच; फक्त त्याच्या ट्यूबमध्ये सोफासेट नसतो.

आम्हा बँकवाल्यांना ही विद्या नवी नाही. संगणक येण्यापूर्वी ट्रायल बॅलन्स जुळला नाही की अख्खी शाखा रात्री थांबायची. फरक दिसतो बेरजेत, पण तो जन्माला आलेला असतो भलत्याच लेजरच्या भलत्याच पानावर. अशा वेळी जुने हेडक्लार्क आधी फरकाला नऊने भागून बघत. पुरता भाग गेला, तर कुणीतरी 54 चे 45 केले असण्याचा संभव. बेरजेवर संतापून उपयोग नसतो. बेरीज बिचारी फक्त निरोप्या असते.

आमच्या घराचा पुढचा भाग जुना, टिनांचा. मागे स्लॅबची एक वाढवलेली खोली. म्हणजे सरकती खोलीच, फक्त एकदाच सरकलेली. गेल्या पावसाळ्यात नेमकी कॅलेंडरमागची भिंत ओली झाली. मिस्त्रीने वर बघितले, खाली बघितले आणि निकाल दिला, "सायेब, पाणी कोठून येते, हे पाण्यालेच माईत." सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, मग पाण्यालाच विचारा ना!" आणि कपड्यांची नीळ माझ्या हातात ठेवली. मग उघडिपीच्या दिवशी आम्ही बादलीत नीळ कालवली आणि खालून सुरुवात केली. आधी भिंतीच्या पायाशी पाणी, मग खिडकीशी, मग स्लॅबवर. प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटे थांबायचे. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि काहीच कळत नाही. शेवटी टिन जिथे स्लॅबच्या भिंतीला टेकते, त्या सांध्यावर तांब्या ओतला. पाच मिनिटांत कॅलेंडरमागे निळा थेंब! सांधा कॅलेंडरपासून चांगला आठ हात लांब. मिस्त्रीने त्या थेंबाला हात जोडले.

हसण्यावारी नेण्याचा हा विषय, पण थेंब नेहमीच एवढा गरीब नसतो. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसच्या वर माणसे वाहून गेली. धरण गळते आहे, हे गावकऱ्यांनी आधी कळवले होते. फुटल्यावर त्या वेळच्या मंत्रिमहोदयांनी ठपका ठेवला खेकड्यांवर! पलंगाखालची फट बुजवणारा मालक आणि खेकडे शोधणारे सरकार, दोघांची जात एकच. थेंब दिसतो तिथे भांडतील, पण तो निघतो कुठून हे बघायला वर चढणार नाहीत.

म्हणून माझा एक फुकटचा सल्ला आहे. भिंतीवर ओल दिसली की तिच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा, पासबुकात लिहितात तशी. पुढच्या पावसानंतर ओल रेघेच्या आत असेल, तर निवांत चहा घ्या. रेघ ओलांडून बाहेर आली असेल, तर समजा खाते चालू आहे, आणि शिडी काढा.