‘अथवा अन्य रीतीनें’ : इंग्लंडांतील गृहशिक्षणाच्या हक्काचा पूर्वेतिहास

१. सक्तीच्या शिक्षणाचा इतिहास बहुधा शाळांचाच इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु सक्तीचा कायदा मुलानें शाळेंत गेलेंच पाहिजे असें म्हणतो, कीं मुलास शिक्षण मिळालेंच पाहिजे एवढेंच म्हणतो, हा प्रश्न निराळा आहे. आणि आपल्या मुलांस घरीं शिकविणाऱ्या आईबापांचें सारें भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून असतें. इंग्लंडांत ह्या प्रश्नाचा निकाल कायद्यांतील एका लहानशा शब्दप्रयोगानें लागला. तो कोठून आला व त्याचा अर्थ कसकसा ठरत गेला, हें येथें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे. नामदार गोखले यांनीं १६ मार्च १९११ रोजीं वरिष्ठ कायदेकौन्सिलांत मांडलेलें प्राथमिक शिक्षणाचें बिल इंग्लंडच्या १८७० व १८७६ च्या आणि आयर्लंडच्या १८९२ च्या कायद्यांच्या धर्तीवर रचलेलें होतें. तेव्हां हा विषय महाराष्ट्रीय वाचकांस अगदींच परका नव्हे.

२. फॉर्स्टरसाहेबांच्या १८७० च्या कायद्यानें सर्वत्र सक्ती केली नाहीं. ५ ते १३ वर्षांच्या मुलांच्या हजेरीविषयीं पोटनियम करण्याची मुभा स्थानिक स्कूल बोर्डांस दिली. मात्र गैरहजेरीस सयुक्तिक कारण कोणतें, हें त्यांत सांगितलें होतें. मुलास अन्य रीतीनें कार्यक्षम शिक्षण मिळत असणें. आजार किंवा दुसरें अपरिहार्य कारण असणें. आणि तीन मैलांच्या आंत सार्वजनिक प्राथमिक शाळा नसणें, अशीं तीं तीन कारणें होत. ह्यांतील पहिलें कारण विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे. त्या काळीं सुखवस्तु इंग्रज कुटुंबांत घरीं शिक्षिका ठेवून मुलांस, विशेषतः मुलींस, शिकविण्याचा प्रघात होता. आणि हा कायदा मुख्यतः गरिबांच्या मुलांसाठीं होता. संपन्न घरांच्या व्यवस्थेंत हात घालावा लागूं नये म्हणून ही वाट मोकळी ठेवली असावी, असें आमचें अनुमान आहे. हेतु कांहींही असो, वाट मात्र सर्वांस मोकळी झाली.

१८७६ च्या कायद्यानें आणखी एक पाऊल टाकलें. मुलास वाचन, लेखन व गणित ह्यांचें कार्यक्षम शिक्षण देवविणें हें आईबापांचें कर्तव्य आहे, असें त्यानें प्रथमच ठरविलें. कर्तव्य शिक्षण देवविण्याचें. शाळेंत धाडण्याचें नव्हे. पुढें १८८० सालीं हजेरीचे पोटनियम करणें सर्व ठिकाणीं बंधनकारक झालें. तरी हा भेद पुसला गेला नाहीं.

३. मग घरचें शिक्षण ‘कार्यक्षम’ आहे हें कशावरून ठरवावयाचें? बेव्हन विरुद्ध शिअर्स ह्या १९११ च्या खटल्यांत किंग्ज बेंचपुढें हा प्रश्न आला. अमुक वयाच्या मुलास अमुक विषय आलेच पाहिजेत असें पोटनियमांत नसेल, तर प्राथमिक शाळेचें माप घरच्या शिक्षणास लावतां येत नाहीं, असा निर्णय झाला. ज्या वर्षीं हा निर्णय झाला त्याच वर्षीं गोखल्यांचें बिल कौन्सिलपुढें आलें, आणि १९ मार्च १९१२ रोजीं १३ विरुद्ध ३८ मतांनीं तें फेटाळलें गेलें. तिकडे सक्तीच्या मर्यादांचा सूक्ष्म विचार चालला असतां इकडे सक्तीलाच नकार मिळाला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

४. बटलरसाहेबांच्या १९४४ च्या कायद्याच्या ३६ व्या कलमानें मुलाचें वय, कुवत व कल ह्यांस अनुरूप असें कार्यक्षम, पूर्णवेळ शिक्षण शाळेंतील नियमित हजेरीनें ‘अथवा अन्य रीतीनें’ देवविण्याचें कर्तव्य आईबापांवर टाकलें. पूर्वी जी सबब होती ती आतां कर्तव्य पार पाडण्याची बरोबरीची रीत झाली. परंतु ३७ व्या कलमाप्रमाणें स्थानिक अधिकाऱ्यांस शंका आल्यास आईबापांनीं त्यांची खात्री पटवावयाची, नाहीं तर शाळेंत धाडण्याचा हुकूम निघावयाचा, अशी योजना होती. हक्क कागदावर असणें आणि तो पदरांत पडणें ह्यांतील अंतर नॉर्फोकच्या जॉय बेकर यांस भोगावें लागलें. सात मुलांच्या ह्या मातेचा अधिकाऱ्यांशीं झगडा १९५० नंतरच्या दशकांत वर्षानुवर्षें चालला. त्याची हकीकत त्यांनीं १९६४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली.

फिलिप्स विरुद्ध ब्राउन ह्या १९८० च्या खटल्यांत आणखी एक मुद्दा सुटला. अधिकाऱ्यांनीं केलेल्या चौकशीस उत्तर देण्याचें बंधन आईबापांवर नाहीं, पण उत्तर न दिल्यास शिक्षण मिळत नाहीं असा तर्क करण्यास अधिकारी मोकळे आहेत, असें ठरलें. म्हणजे मौन कायदेशीर, परंतु अहितकारक.

५. सरकारी साह्याविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. घरीं शिकविण्याचा, तसाच बाहेरून परीक्षेस बसविण्याचा खर्च आईबापांवरच राहिला. ही उणीव परस्परसाह्यानें भरून काढण्याचा यत्न झाला. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत कांहीं पालकांनीं स्थापिलेल्या ‘एज्युकेशन अदरवाइज’ ह्या मंडळानें आपलें नांवच ३६ व्या कलमांतून घेतलें. तीच शब्दयोजना १९९६ च्या कायद्याच्या ७ व्या कलमांत उतरली. गृहशिक्षित मुलांची सक्तीनें नोंद करण्याची तरतूद २०१० च्या एप्रिलांत विधेयकांतून गळली, आणि डिसेंबर २०२४ मध्यें मांडलेल्या दुसऱ्या विधेयकांत पुन्हां आली. जें मूल शाळेंत दिसत नाहीं तें खरोखर शिकत आहे कीं नाहीं, ही सरकारची चिंता अनाठायीं म्हणतां येत नाहीं.

६. आतां भारताकडे पाहूं. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १० व्या कलमानें मुलास शेजारच्या शाळेंत दाखल करणें हें पालकांचें कर्तव्य म्हटलें आहे. ‘अन्य रीतीनें’ हे शब्द त्यांत नाहींत. तसेंच कर्तव्य न करणाऱ्या पालकांस शिक्षाही त्या कायद्यांत सांगितलेली नाहीं. उलट २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनें ५१-अ कलमांत घातलेलें पोटकलम पाहिलें, तर त्यांत ६ ते १४ वर्षांच्या मुलास शिक्षणाची संधि देण्याचें कर्तव्य सांगितलें आहे. शाळेचा उल्लेख नाहीं. घटनेंत शिक्षण आणि कायद्यांत शाळा, असा हा भेद आहे.

सारांश, इंग्लंडांत गृहशिक्षणाचा हक्क कोणी थाटानें बहाल केला नाहीं. तो एका अपवादांतून उगवला, कर्तव्याच्या व्याख्येंत रुजला आणि न्यायालयांत वाढला. जेथें कायदा आईबापांकडून शिक्षणाचा जाब मागतो तेथें त्यांना जाब देतां येतो; जेथें तो केवळ दाखल्याचा जाब मागतो तेथें घरीं उत्तम शिकविणाऱ्यालाही अधिकाऱ्याच्या डोळेझांकीवरच विसंबावें लागतें.