कार्बनशोषण, नैसर्गिक : कापूरहोळ परिसर

कार्बनशोषण, नैसर्गिक : हवेतील कार्बन डायऑक्साइड वनस्पती, माती, खडक आणि समुद्र यांनी ओढून घेण्याची क्रिया. माणसाने कोळसा आणि खनिज तेल जाळून बिघडवलेले हवामान निसर्ग परस्पर निस्तरेल का, या वादात तिचा हवाला हटकून दिला जातो. हा दावा तपासून पाहायला भोर तालुक्यातील (जि. पुणे) कापूरहोळ हे गाव सोयीचे आहे. पुण्यापासून सुमारे 40 किमी. वर सातारा महामार्गालगत ते वसले आहे. इथून एक रस्ता भोरकडे आणि पुढे वरंध घाटाकडे, तर दुसरा नारायणपूर-सासवडकडे फुटतो. संभाजी महाराजांच्या दूधआई धाराऊ गाडे यांचे गाव म्हणून ते इतिहासात परिचित आहे. या नोंदीचा विषय मात्र त्याच्या एका अंगाला अहोरात्र जळणारे डिझेल आणि दुसऱ्या अंगाला असलेले भोर-वेल्ह्याचे (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड) डोंगर हा आहे.

निसर्ग मदत करतो, हे आधी मान्य करायला हवे, आणि ती मदत थोडीथोडकी नाही. जगभरात माणसाच्या उद्योगांतून दर वर्षी सुमारे 40 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातला जवळजवळ 30 टक्के जमीन आणि झाडोरा, तर पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. उरलेला, म्हणजे निम्म्याला थोडा कमी, हवेत साठत राहतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे 280 भाग होते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे 1958 मध्ये नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते 315 च्या आसपास होते. 2024 ची जागतिक सरासरी 423.9 आहे. निसर्गाने सगळे निस्तरले असते, तर हा आकडा 280 वरून हललाच नसता. शिवाय ही मदत बिनशर्त नाही. एल निनोच्या वर्षी उष्णता आणि अवर्षणाने जंगले कमी शोषतात, वणव्यांत उलट सोडतात. 2023 ते 2024 या एका वर्षात हवेतील प्रमाण 3.5 भागांनी चढले, मोजणी सुरू झाल्यापासूनची ही सर्वांत मोठी वाढ. समुद्राने शोषलेला वायूही फुकट जिरत नाही, त्यामुळे पाण्याची आम्लता वाढते.

खडकाचे काम : कापूरहोळ परिसराचा पाया बेसॉल्टचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हाचे थर साचत असताना ज्वालामुखींनी प्रचंड प्रमाणात कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला. आज तोच काळा पाषाण उलट दिशेने काम करतो. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते. ते खडकातील कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटे करते आणि कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात पाण्याबरोबर चालू लागतो. गुंजवणीचे पाणी नीरेत, नीरेचे भीमेत, भीमेचे कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. पृथ्वीचे तापमान लाखो वर्षांच्या मापात ताळ्यावर ठेवणारी खरी यंत्रणा हीच. उबदार, भरपूर पावसाच्या मुलखातला बेसॉल्ट तर ग्रॅनाइटपेक्षा पुष्कळ वेगाने झिजतो.

या वेगाचा आकडा मात्र पाहण्यासारखा आहे. दख्खनच्या नद्यांच्या पाण्याच्या पृथक्करणावरून काढलेला शोषणाचा दर दर चौरस किमी.ला वर्षाकाठी साधारण 16 टन कार्बन डायऑक्साइड इतका येतो. एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो वायू निघतो. म्हणजे महामार्गावरच्या पंपावर 12,000 लिटरचा एक टँकर रिकामा झाला, की दोन चौरस किमी. डोंगराची वर्षभराची झीज खर्ची पडली. टँकर पुन्हा येतो. डोंगर त्यासाठी घाई करत नाही.

देवराया : भोर-वेल्ह्याची दुसरी ठेव म्हणजे देवराया. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास मांडला, तेव्हापासून त्या अभ्यासकांच्या नजरेत आहेत. पानशेत धरणाच्या पाण्यामागे शिरकोलीची शिरकाई ही त्यांतली एक. पानशेत-वरसगाव धरणांच्या निमित्ताने डोंगरात रस्ते पोहोचले, रस्त्यांमागून लाकूडकोळशाचे ठेकेदार आले आणि आजूबाजूचे उतार उघडे पडले. देवाच्या भीतीने का होईना, काही राया वाचल्या. आत शिरले की फरक पायाला कळतो : बाहेर मुरूम आणि वाळके गवत, आत घोट्यापर्यंत पालापाचोळा, त्याखाली काळी ओलसर माती, वर जांभूळ, हिरडा, आंबा आणि मांडीएवढ्या जाडीच्या गारंबीच्या वेली.

कार्बनच्या हिशेबात मात्र गल्लत इथेच होते. जुन्या देवराईत साठा मोठा असतो, पण त्यात नवी भर थोडी पडते. झाडे पडतात, कुजतात, शोषलेले बरेचसे परत जाते. देवराई राखणे म्हणजे असलेला साठा सुटू न देणे. महामार्गावरच्या नव्या धुराची वजावट ती करू शकत नाही. झपाट्याने शोषते ते वाढीला लागलेले कोवळे रान, आणि तेही काही दशकेच. मध्यम वाढीचे एक झाड वर्षाला ढोबळमानाने 10 ते 25 किलो वायू घेते. लिटरला 4 किमी. धावणारा भरलेला ट्रक स्वारगेटहून कापूरहोळपर्यंतच्या एका खेपेत 27 किलो सोडतो.

कोवळ्या रानाला वाढू कोण देतो, हाही प्रश्नच आहे. फाल्गुन-चैत्रात भोर-वेल्ह्याच्या डोंगरांवर वणवे लागतात; पुष्कळदा ते मुद्दाम लावले जातात, पुढच्या पावसात गवत जोमदार येते या समजुतीने. नुसत्या गवताचा धूर पुढच्या पावसाळ्यात गवतच परत ओढून घेते. खरे नुकसान होते ते हातभर वाढलेल्या रोपांचे आणि उघड्या पडून वाहून जाणाऱ्या मातीचे. वेळेवर काढलेली जाळरेषा इथे हजार खड्ड्यांपेक्षा जास्त कामाची. राज्यात 2019 मध्ये 33 कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. अशा मोहिमांत मोजले जाते ते लावलेले रोप, पाच उन्हाळे काढलेले झाड नव्हे. भातखाचरांच्या आणि धरणांच्या साचलेल्या पाण्यातून मिथेन सुटतो, तेव्हा हिरवे आणि निळे दिसणारे सगळेच जमेच्या बाजूला मांडता येत नाही.

देशाच्या पातळीवरही मेळ असाच बसतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या 2023 च्या अहवालानुसार 2005 च्या तुलनेत देशातील वने आणि वृक्षांनी 2.29 अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका जादा साठा केला. 2030 पर्यंत 2.5 ते 3 अब्ज टनांचे उद्दिष्ट आहे. खनिज इंधने जाळून भारत सध्या एका वर्षात सुमारे 3 अब्ज टन सोडतो. जवळजवळ दोन दशकांची ही सगळी हिरवी कमाई एका वर्षाच्या धुरालाही पुरत नाही.