प्रतिऑक्सिडीकारके : वऱ्हाडच्या आहारातील

शरीरातील पेशींचे मुक्त मूलकांपासून रक्षण करणाऱ्या पदार्थांचा वर्ग. यांपैकी काही पदार्थ शरीर स्वतः निर्माण करते, काही त्यास अन्नातून मिळवावे लागतात. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या प्रकाराचा विचार मुख्यत्वे अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील पिके आणि तेथील स्वयंपाक यांच्या आधारे केला आहे.

ज्या अणूत वा रेणूत एखादा इलेक्ट्रॉन जोडीवाचून एकटा राहिलेला असतो, त्यास मुक्त मूलक म्हणतात. असे मूलक शेजारच्या रेणूपासून इलेक्ट्रॉन हिरावून घेते. मग तो शेजारी स्वतःच मूलक होऊन पुढच्यावर हात टाकतो, आणि एकाचे देणे दुसऱ्याच्या माथी मारीत जाणाऱ्या कर्जबाजारी कुळांप्रमाणे हा मामला, कोणी पदरचे देऊन तो मिटवीपर्यंत, चालूच राहतो. असे पदरचे देऊन स्वतः मात्र स्वस्थ राहू शकणारा रेणू तो प्रतिऑक्सिडीकारक. मोझेस गोम्बर्ग यांनी मिशिगन विद्यापीठात 1900 साली पहिले स्थिर कार्बनी मूलक सिद्ध केले. परंतु सजीवांच्या वार्धक्याशी मूलकांचा संबंध असावा हा विचार डेनहॅम हार्मन यांनी 1956 मध्ये मांडीपर्यंत त्यांची चर्चा बहुतांशी रसायनशास्त्रज्ञांपुरतीच राहिली. पुढे 1969 मध्ये, म्हणजे अकोल्यास कृषी विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड या मूलकाचा बंदोबस्त करणारे एंझाइम शरीरात असल्याचे दाखविले, आणि हा विषय जीवशास्त्राच्या दप्तरी कायमचा दाखल झाला.

श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनाचे पेशींतील तंतुकणिकांमध्ये बहुतेक पाणीच होते. थोडा अंश मात्र वाटेतच सुपरऑक्साइड होऊन निसटतो. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि, लोह अथवा तांबे मोकळे सापडल्यास, हायड्रॉक्सिल हे अत्यंत दाहक मूलक तयार होते. तथापि मूलके सर्वस्वी शत्रूच होत असे मानणे रास्त नव्हे. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंचा नाश करण्यासाठी ती हेतुपूर्वक निर्माण करतात. त्यामुळे त्यांचे समूळ उच्चाटन शक्य नाही आणि इष्टही नाही.

पेशीत प्रत्यक्ष काय घडते हे समजून घेण्यास वऱ्हाडातील जवसाची चटणी हे उत्तम साधन आहे. जवसाच्या तेलात जवळजवळ निम्मा भाग लिनोलेनिक अम्लाचा असतो. या अम्लाच्या रेणूत तीन द्विबंध असून त्यांच्या दरम्यानचे हायड्रोजन फार सैल धरलेले असतात, म्हणून मूलकास ते सहज ओढून घेता येतात. अखंड जवस डब्यात महिनेच्या महिने टिकतो, कारण टरफल शाबूत असते आणि आतील टोकोफेरॉल व लिग्नान ही द्रव्ये तेलाची राखण करतात. परंतु तोच जवस भाजून, लसूण, जिरे, तिखट व मीठ घालून कुटला, म्हणजे तेल हवेस उघडे पडते, आणि अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो त्या दिवसांत ती चटणी लवकरच खवट लागू लागते. हा खवटपणा म्हणजेच मेदाची शृंखला-विक्रिया. पेशीचे पटल अशाच असंतृप्त मेदाम्लांनी युक्त असल्याने तेथेही हीच विक्रिया घडू शकते, आणि पटल फाटून पेशीचा कारभार विस्कळीत होतो. वऱ्हाडातील गृहिणी ही चटणी बेताचीच कुटते. तिचा हा परिपाठ रसायनशास्त्राच्या कसोटीस पूर्णपणे उतरतो.

पटलातील ही शृंखला तोडण्याचे काम जीवनसत्त्व ई करते. मेदाच्या हजारांहून अधिक रेणूंमागे त्याचा एखादाच रेणू असतो, आणि तरीही तो पुरा पडतो, कारण त्याने गमावलेला भाग पटलाच्या काठावर जीवनसत्त्व क त्यास परत देते, आणि जीवनसत्त्व क यास ग्लुटाथायोन पुनः कार्यक्षम करते. तेलात राहणारे आणि पाण्यात राहणारे असे हे दोन पहारे परस्परांवाचून दुबळे होत; आहारातील एकाच द्रव्याची थोरवी गाणे मला अशास्त्रीय वाटते ते याच कारणाने. सरकीचे तेल, जे या कापसाच्या मुलखात घरोघर वापरात होते, ते जीवनसत्त्व ई याने संपन्न आहे. त्याच सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्यही प्रतिऑक्सिडीकारकच, परंतु ते विषारी असल्यामुळे तेल शुद्ध करताना काढून टाकावे लागते.

जीवनसत्त्व क गाय आणि शेळी आपल्या शरीरात तयार करतात. मनुष्याने ती शक्ती उत्क्रांतीच्या ओघात गमावली. वरूड व मोर्शी तालुक्यांतील संत्र्याच्या 100 ग्रॅम गरात ते साधारणतः 30 ते 50 मिलिग्रॅम असते, आणि भारतीय आहारतज्ज्ञांनी 2020 मध्ये प्रौढ पुरुषासाठी दररोज 80 मिलिग्रॅम हे प्रमाण शिफारशीत धरले आहे. आंबिया बहाराची फळे पावसाळ्यानंतर आणि मृगाची फळे हिवाळ्याच्या अखेरीस येत असल्याने वर्षातील बराच काळ हा जिन्नस ताजा मिळतो. संत्र्याच्या फोडीवरील जे पांढरे धागे आपण नखाने सोलून टाकतो, त्यांत व सालीच्या आतील पांढऱ्या थरात हेस्पेरिडिन हे द्रव्य विपुल असते. फोड धाग्यांसकट खाणे अधिक हितावह. अंबाडीच्या पाल्यात कॅरोटीन असते. भाजी फार शिजविल्याने जीवनसत्त्व क घटते, कॅरोटीन मात्र तेलाच्या फोडणीमुळे अंगी अधिक लागते.

धान्यांची कथा वेगळी आहे. ज्वारीतील फेरुलिक अम्ल कोंड्यास घट्ट बांधलेले असते व ते मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीव मोकळे करतात, म्हणून पीठ न चाळता केलेली भाकर श्रेष्ठ. तुरीची फेनॉली द्रव्ये मुख्यतः टरफलात. अकोल्याच्या डाळमिलींतून ती चुनीबरोबर गुरांच्या दावणीत जातात. रोडग्यांबरोबरच्या भाजीसाठी वांगे चिरले की फोडी काळ्या पडतात आणि आपण त्या पाण्यात टाकतो. काळ्या पडणाऱ्या फोडींत क्लोरोजेनिक अम्लाचे ऑक्सिडीभवन डोळ्यांदेखत घडत असते. असली बहुफेनॉले रक्तात फार थोडी उतरतात. ती मूलकांना स्वतः पकडण्यापेक्षा पेशीच्या स्वतःच्या एंझाइमांना जागृत करीत असावीत, असे आता मानले जाते. म्हणूनच परीक्षानळीतील मोजमापावरून अन्नपदार्थांची प्रतवारी लावणारा तक्ता अमेरिकेच्या कृषिखात्याने 2012 मध्ये मागे घेतला.

अन्नातील द्रव्य वेगळे काढून गोळीच्या रूपाने दिल्यास काय होते याची परीक्षा फिनलंडमध्ये झाली. तेथे 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन दिले गेले, आणि 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग सुमारे 18 टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील तशीच चाचणी 1996 मध्ये मुदतीपूर्वी थांबवावी लागली. धुराने पोळलेल्या फुप्फुसात कॅरोटीन स्वतःच विघटित होऊन उपद्रवी ठरते, असा त्याचा एक उलगडा सांगितला जातो.

गुणकारी द्रव्य उपद्रवी होण्याचा हाच पालट वऱ्हाडात रोज तोंडात घडतो. अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांतील विड्याच्या पानात हायड्रॉक्सिचॅव्हिकॉल हे गुणकारी प्रतिऑक्सिडीकारक आहे. सुपारीतही बहुफेनॉले भरपूर. परंतु चुन्याच्या संगतीने तोंडातील लाळ अल्कधर्मी होताच तीच बहुफेनॉले आपोआप ऑक्सिडीभूत होऊन सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड सोडू लागतात, आणि सुपारीतील तांबे व चुन्यातील लोह त्यांस हायड्रॉक्सिल मूलकापर्यंत नेतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या खंडात तंबाखूविरहित सुपारीसही कर्ककारक ठरविले आहे. तंबाखू, सुपारी व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा तासन्‌तास गालात धरणाऱ्या विदर्भातील तरुणांच्या तोंडाच्या अस्तरावर हा मारा दिवसातून अनेकदा होतो, आणि संत्री कितीही खाल्ली तरी त्याची भरपाई होत नाही.