पांढरीची नोंद

चांदवडला पाहुणा आला की आम्ही त्याला महामार्गालगतच्या रेणुकामातेचे दर्शन घडवतो, होळकरांचा रंगमहाल दाखवतो आणि मग चहा घेताना सांगतो, की यादवांची पहिली राजधानी ती हीच. मीही हे वाक्य कित्येक वर्षे सांगत आलो. एकदा एका पाहुण्याने विचारले, "कशावरून?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. गेली सोळा-सतरा वर्षे मी तालुक्यातल्या गावांची शिवारे पायी फिरून वह्या भरतो आहे, त्याची सुरुवात त्या एका शब्दापासून झाली.

शोधले तेव्हा हाती आले ते असे. दुसरा सेउणचंद्र या यादव राजाचा शके ९९१ चा, म्हणजे इ.स. १०६९ चा ताम्रपट वसईचा म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात घराण्याचा मूळपुरुष दृढप्रहार याचा संबंध चंद्रादित्यपुर या नगराशी जोडलेला आहे. हेमाद्रीच्या व्रतखंडात मात्र दृढप्रहाराची राजधानी श्रीनगर अशी दिली आहे. दृढप्रहार नवव्या शतकातला आणि हेमाद्री तेराव्या शतकातला, म्हणून ताम्रपटाचे वजन अधिक. रा. गो. भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिताना हे दोन्ही पुरावे मांडले आणि चंद्रादित्यपुर म्हणजे नाशिक जिल्ह्यातले चांदोर असू शकेल, असे म्हटले. 'असू शकेल', एवढेच. पुढे स्मरणिकांतून, फलकांवरून आणि आमच्या तोंडून ते 'असू शकेल' हळूहळू गळून गेले.

म्हणजे पुरावा काय, तर नावाचे साम्य. आता नाव ही किती निसरडी गोष्ट आहे ते आमच्याच गावात पाहावे. होळकरांच्या काळात इथे टांकसाळ होती आणि चांदवडी रुपया मोठ्या मुलखात चालत असे. त्या नाण्यांवर बादशहा शाह आलमचे नाव आहे आणि टांकसाळीचे नाव आहे 'जाफराबाद'. मोगलांनी गावाला दिलेले ते नाव. आज चांदवडच्या बाजारात जाफराबाद विचारले तर लोक जालना जिल्ह्याचा रस्ता दाखवतील. नुसते नाणे सापडले असते आणि बाकी कागद नसते, तर कोणी ही टांकसाळ कुठे नेऊन ठेवली असती कोण जाणे.

आणि चांदोर तरी एकच आहे का? गोव्यात सासष्टीत दुसरे चांदर आहे, प्राचीन चंद्रपूर. तिथे १९२९ साली फादर हेरास यांनी खोदले आणि विटांच्या शिवमंदिराचा पाया व मस्तक नसलेला नंदी उजेडात आणला. तिथल्या नावाला जमिनीने साक्ष दिली. आमच्या चांदोरचा विषय निघाला की मला तो बिनशिराचा नंदी आठवतो, आणि थोडा हेवाही वाटतो.

तर जमिनीची साक्ष. ती घ्यायची म्हणजे खणायचेच असे नाही. खणणे हे परवानगीचे आणि जाणकारांचे काम, माझ्यासारख्याने त्यात हात घालू नये. पण खणण्याच्या आधीचे एक काम असते: कुठे काय पडले आहे ते पाहून लिहून ठेवणे. आपल्या जुन्या कागदांत गावाचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. 'समस्त पांढरी' म्हणजे सगळे गावकरी. ही केवळ बोलण्याची रीत नाही. माणूस एका जागी पाचपन्नास पिढ्या राहिला की चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, हाडे, चुना यांचा थर साचतो आणि तिथल्या मातीचा रंगच बदलतो. काळ्या रानात मध्येच राखट-पांढरे टेकाड दिसले आणि त्यावर खापऱ्या पसरलेल्या असल्या, की तिथे कधीतरी गाव नांदत होते. पुरातत्त्ववाले ज्याला वसाहतीचा थर म्हणतात, त्याला आमचा कुळंबी फार पूर्वीपासून पांढरी म्हणत आला आहे. नाशिकला १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले ती गोदाकाठची मातीची गढी अशीच एक पांढरी.

चांदवड तालुक्यात शंभरावर गावे आहेत. सातमाळेची रांग तालुक्यातून जाते. तिच्या उत्तरेचे पाणी गिरणेतून तापीला मिळते, दक्षिणेचे गोदावरीला. तापी खोऱ्यात प्रकाशे, बहाळ, सावळदे आणि गोदा-प्रवरेच्या बाजूला नाशिक, जोर्वे, दायमाबाद ही ताम्रपाषाण युगाच्या अभ्यासातली मोठी नावे. या दोन मुलखांमधला उंबरठा म्हणजे आमचा तालुका. माणसे आणि गुरे इथूनच ये-जा करत असणार, कारण आजचा मुंबई-आग्रा महामार्गही याच डोंगररांगेतून जातो.

आजवर इथले काय लिहिले गेले, तर किल्ले. चांदवड, इंद्राई, राजदेहेर, कोळदेहेर, धोडप. १८१८ साली इंग्रजांनी हे डोंगर घेतले, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जने पायऱ्या, दरवाजे, पाण्याची टाकी यांची बारकाईने टिपणे केली आणि ती १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमध्ये उतरली. लष्कराच्या नजरेत जे भरले ते नोंदले गेले. इंद्राईच्या कातळातला फारसी लेख, चांदवडच्या डोंगरातले चंद्रप्रभूचे जैन लेणे, धोडंब्याचे वटेश्वराचे देऊळ हे अभ्यासकांना आणि भटक्यांना ठाऊक आहे. पण मारुतीच्या पारावर शेंदरात बुडालेला वीरगळ, बांधावर उलटा पडलेला सतीचा दगड, गावाबाहेरची पांढरी, यांना फिर्याद मांडायला कोणी नाही. राजवाड्यांनी दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली. खापराला दप्तर नसते.

गॅझेटिअरबद्दल मला एक गंमत नेहमी वाटते. त्याचा संपादक जेम्स कॅम्बेल हा स्कॉटलंडमधला, एका पाद्र्याचा मुलगा. त्या देशात १७९१ ते १७९९ या काळात सर जॉन सिंक्लेअर या गृहस्थाने एक अचाट उद्योग केला होता. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, आपल्या पाचदहा गावांच्या टापूसारखा. अशा नऊशेहून अधिक पॅरिशांच्या पाद्र्यांना त्याने दीडशेवर प्रश्न पाठवले: माती कशी, रोग कोणते, मजुरी किती, आणि जुने अवशेष काय आहेत. उत्तरांचे एकवीस खंड झाले. सगळी उत्तरे चांगली नाहीत. काही पाद्र्यांनी कंटाळून दोन पाने खरडली. पण प्रत्येक मुलुखाची एक तरी नोंद झाली, आणि तिथला आजचा अभ्यासकही त्या दोन पानांपासून सुरुवात करू शकतो. आपल्याकडे गावोगाव हे करू शकणारा माणूस होता, कुलकर्णी. त्याला कोणी हे प्रश्न विचारले नाहीत.

माझी रीत साधी आहे. नांगरट झाल्यावर आणि वळवाचा एखादा पाऊस पडून गेल्यावर रानात जायचे. माती धुतली जाते आणि खापऱ्या वर दिसतात. उभ्या पिकात जायचे नाही. आधी मालकाला विचारायचे. मग जागा, गट नंबर, जवळची विहीर किंवा ओढा, टेकाडाची लांबी-रुंदी पावलांनी, काय दिसले, किती दाट दिसले, हे तिथेच उभे राहून लिहायचे. घरी आल्यावर लिहिले की माणूस स्वतःला हवे ते लिहितो. गट नंबराचीही एक गोम आहे. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगाव जुने सर्व्हे नंबर जाऊन गट पडले, त्यामुळे जुन्या कागदातला नंबर आजच्या सातबाऱ्यावर शोधला तर भलत्याच शेतात जाऊन उभे राहावे लागते. दोन्ही नंबर लिहायचे, आणि शेताला लोक काय म्हणतात तेही. 'गढीचे वावर', 'देऊळमळा' असली नावे सातबाऱ्यावर नसतात, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतात.

खापऱ्या ओळखायला मी हळूहळू शिकलो. जोर्वे पद्धतीची खापरी लाल, तिच्यावर काळ्या रेषांची नक्षी, आणि नखाने टिचकी मारली तर खणकन वाजते. काळ्या-तांबड्या भांड्यांचे तुकडे एका अंगाने काळे असतात. रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि झिलईची खापरी दिसली की काळ बराच अलीकडे येतो. मला मिळते ते बहुतेक याच शेवटच्या जातीचे. राजधानी मला सापडलेली नाही, हे इथेच सांगून टाकतो.

सुरुवातीला माझ्या हातून एक चूक झाली. एका दिवशी दोन गावांची दोन रानं पाहिली आणि वेचलेल्या खापऱ्या एकाच पिशवीत टाकल्या. म्हटले, घरी गेल्यावर वेगळ्या करू. सायकलच्या कॅरिअरवर पिशवी हादरत आली. घरी ओतल्या तेव्हा त्यांत दोन खणखणीत, काळ्या नक्षीच्या होत्या. कोणत्या रानातल्या, ते मला सांगता येईना. आजही येत नाही. त्या दोन्ही रानांत मी नंतर चार-चार वेळा गेलो, तशी तिसरी दिसली नाही. तेव्हापासून मी वेचत नाही. जागेवरच फोटो काढतो आणि खापरी होती तिथे ठेवतो.

चुकीची ही जात किती महाग पडते ते दायमाबादने मोठ्या प्रमाणावर दाखवले आहे. प्रवरेकाठच्या त्या गावात १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झुडपाचे खोड खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचे वजन साठ किलोच्या वर. भारतीय पुरातत्त्वातला हा अद्वितीय ऐवज. पण त्या उत्खननात, थरातून निघालेल्या नव्हत्या. पुढे सा. अ. साळी यांनी तिथे अनेक हंगाम उत्खनन केले, तरी त्या मूर्ती उत्तर हडप्पाकालीन की पुष्कळ नंतरच्या, हा वाद विद्वानांत राहिलाच. त्या शेतकऱ्याचा यात काडीचाही दोष नाही. खोड काढताना थर पाहायचा असतो हे त्याला कोणी सांगणार होते?

लोक सांगत का नाहीत, याचे कारणही मला पायी फिरूनच कळले. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले काही सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. पण माणसे घाबरतात ती सोन्यासाठी नव्हे, जमिनीसाठी. "सरकार वावर घेईल" हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकले. खापऱ्या सापडल्या म्हणून कोणाचे शेत जात नाही. एखादी जागा संरक्षित करायची तर १९५८ च्या केंद्रीय कायद्यात आधी अधिसूचना आणि हरकतींसाठी दोन महिने आहेत. मी हे समजावून सांगतो. पण एकदा जागा संरक्षित झाली की २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे सभोवतालच्या शंभर मीटरमध्ये नवे बांधकाम करता येत नाही, हेही खरे. दोन एकरवाल्याच्या पोटात गोळा येतो तो अगदीच अकारण नाही. दुसरीकडे गुप्तधनवाले आहेत, अमावास्येला लिंबू-नारळ घेऊन फिरणारे. म्हणून पुढच्या टेकाडाचे गाव मी इथे देत नाही. वहीत ते आहे.

ते टेकाड सातमाळेच्या उत्तर अंगाला, ओढ्याकाठी. पहिल्यांदा गेलो तेव्हा पुरुषभर उंच होते. मी वाकून खापऱ्या पाहत होतो, तर बांधावरून एका आजींनी हटकले, "काय येचू राह्यला रे बाबा?" सांगितले. त्या हसल्या. "आमच्या धाब्यावर ह्याचीच माती हाय. पांढरीची माती गळत नाही." खरेच आहे ते. मातीच्या धाब्यांवर अंथरायला पांढऱ्या मातीइतकी चांगली माती नाही, आणि गावेच्या गावे पिढ्यान्पिढ्या ती जुन्या वस्त्यांमधून आणत आली. त्या पाटीने आणत, वर्षाकाठी एक खड्डा पडे. पाच वर्षांनी मी परत गेलो तेव्हा जेसीबीने अर्धे टेकाड सपाट केले होते; माती ट्रॅक्टरने गेली होती, भरावाला. उरलेल्या अर्ध्याची कड सरळ कापली गेली होती आणि त्या कडेत थर दिसत होते: राखेचा काळपट पट्टा, त्यावर भाजलेली तांबूस माती, पुन्हा राख. असे थर उघडे पाहण्याची संधी मला पुन्हा मिळणार नव्हती. मी संध्याकाळपर्यंत फूटपट्टी लावून फोटो काढले आणि प्रत्येक पट्ट्याची जाडी लिहिली. शेतमालक शेजारी उभा होता. "आधी सांगितलं असतं तर थांबलो असतो, सर," तो म्हणाला. पाच वर्षांपूर्वी मी आजींना सांगितले होते, त्याला नव्हते. तेव्हापासून वहीत एक रकाना वाढवला: कोणाला सांगितले.

या दिवाळीनंतर मका निघाला की उरलेल्या अर्ध्या टेकाडाला पुन्हा जायचे आहे. मालकाने नव्या शेततळ्याची जागा ओढ्याच्या पलीकडे धरली आहे. तिथेही मातीचा रंग जरा राखट वाटतो. खोदाईच्या आदल्या दिवशी फोन करतो, असे त्याने कबूल केले आहे.