प्रतिमानिर्देशित किरणोपचार

प्रतिमानिर्देशित किरणोपचार : कर्करोगाच्या गाठीवर उच्च ऊर्जेचे किरण सोडण्यापूर्वी, आणि गरजेनुसार उपचार चालू असतानाही, शरीराच्या आतील भागाची प्रतिमा घेऊन गाठीचे त्या वेळचे स्थान निश्चित करणारी व त्यानुसार रुग्णाची स्थिती किंवा किरणझोत दुरुस्त करणारी उपचारपद्धती. रुग्ण व त्यांचे नातेवाईक ज्याला ‘शेक देणे’ किंवा ‘लाइट देणे’ म्हणतात, त्या किरणोपचाराचे हे आजचे रूप असून, अलीकडच्या काळात या शाखेत जी प्रगती झाली तिचा मोठा भाग किरण निर्माण करण्याच्या नव्हे, तर गाठ पाहण्याच्या क्षमतेशी निगडित आहे.

खोल गाठीपर्यंत पोहोचणारे किरण डॉक्टरांच्या हाती बरेच आधी आले होते. कॅनडामध्ये 1951 साली कोबाल्ट-60 या किरणोत्सारी समस्थानिकावर चालणारी यंत्रे रुग्णांसाठी वापरात आली, तर लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात 1953 साली लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत वेग देऊन त्यांपासून क्ष-किरण निर्माण करणारे यंत्र, उपचारासाठी सुरू झाले. मात्र साध्या क्ष-किरण छायाचित्रात हाडे दिसत आणि गाठ बहुधा दिसत नसे, त्यामुळे तिची जागा हाडांच्या खुणांवरून अदमासाने ठरवावी लागे. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्राने 1971 साली लंडनमध्ये रुग्णाच्या मेंदूचा छेद दाखवला, आणि पुढे या छेदप्रतिमांवरच उपचाराचा आराखडा आखला जाऊ लागला.

तरीही एक अडचण उरली. आराखड्यासाठीचे सीटी एकदाच काढले जाते आणि उपचार पाच-सहा आठवडे चालतो. या काळात रुग्णाचे वजन घटते, गाठ आक्रसते, आतड्यातील वायू आणि मूत्राशयातील लघवीचे प्रमाण रोज वेगळे असते, आणि फुप्फुसातील गाठ तर प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली होते. या अनिश्चिततेवर उपाय म्हणून गाठीभोवती निरोगी ऊतींची एक कड सोडून तिलाही पूर्ण मात्रा द्यावी लागते. ही कड दिसायला लहान, पण परिणामाने मोठी असते : 4 सेंमी. व्यासाच्या गोलाकार गाठीचे घनफळ सुमारे 34 घन सेंमी. भरते, तिच्याभोवती 1 सेंमी. कड धरली तर किरणांखाली येणारे घनफळ 113 घन सेंमी. होते, आणि कड अर्धा सेंमी. केली तर ते 65 घन सेंमी.वर येते. प्रतिमांकनाचा सगळा लाभ या फरकात आहे, कारण गाठ रोज दिसली की कड कमी करता येते आणि शेजारचे अवयव वाचतात.

रोजच्या वापरात सर्वांत रुजलेले साधन म्हणजे कोन बीम सीटी. यात लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरच्याच फिरत्या चौकटीवर कमी ऊर्जेची क्ष-किरण नळी आणि समोर सपाट शोधक बसवलेला असतो. शंकूच्या आकाराचा झोत रुग्णाभोवती एक फेरी मारतो आणि त्यातून त्रिमितीय प्रतिमा तयार होते. डेव्हिड जॅफ्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मिशिगन राज्यात विकसित केलेल्या या पद्धतीचे वर्णन 2002 साली प्रसिद्ध झाले. नवी प्रतिमा मूळ आराखड्याशी जुळवून उपचाराचे टेबल काही मिलिमीटर सरकवले जाते. या प्रतिमांकनातूनही थोडी किरणमात्रा शरीरात जाते. लहान मुलांवर उपचार करताना तिचा हिशेब ठेवणे आवश्यक असते. डाव्या स्तनाच्या उपचारात त्वचेचा पृष्ठभाग टिपणारे कॅमेरे वापरून रुग्णाने खोल श्वास रोखून धरला असतानाच किरण सोडले जातात, कारण त्या वेळी फुप्फुस फुगून हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जाते. स्वीडन व डेन्मार्कमधील स्त्रियांच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयाला मिळणाऱ्या सरासरी मात्रेतील प्रत्येक एका ग्रेमागे गंभीर हृदयविकाराचा धोका 7.4 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले होते. (ग्रे म्हणजे एक किलोग्रॅम ऊतीत शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा.)

सीटीमध्ये मऊ ऊतींमधील भेद पुसट दिसतात, एमआरआयमध्ये ते स्पष्ट दिसतात. म्हणून एमआरआय आणि लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर एकत्र आणण्याचा प्रयत्न झाला, जो तांत्रिक दृष्ट्या अवघड होता. प्रबळ चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांचा मार्ग वाकवते, तर अ‍ॅक्सिलरेटरच्या रेडिओ लहरी एमआरआयचा संकेत बिघडवतात. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे 1.5 टेस्ला क्षेत्राच्या अशा संयुक्त यंत्रावर 2017 साली पहिले रुग्ण घेण्यात आले. त्यावर उपचार चालू असताना गाठ दिसत राहते आणि त्या दिवशीच्या शरीररचनेनुसार आराखडा नव्याने आखता येतो. अवयवांच्या सीमारेषा आखण्याचे वेळखाऊ काम आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने काही मिनिटांत होते, परंतु त्या रेषा तज्ज्ञाने तपासून मान्य कराव्याच लागतात. ही यंत्रे अतिशय महाग असून प्रत्येक बैठकीला बराच वेळ घेतात, आणि प्रत्येक प्रकारच्या कर्करोगात त्यांचा जादा लाभ सिद्ध झालेला नाही.

प्रोटॉन उपचारात प्रतिमांकनाचे महत्त्व आणखी वाढते. प्रोटॉन आपली बहुतेक ऊर्जा ठरावीक खोलीवर सोडून तेथेच थांबतात, त्यामुळे गाठीमागील अवयव वाचतो. पण वाटेतील ऊतींची घनता चुकीची धरली गेली, तर तेच प्रोटॉन अलीकडे किंवा पलीकडे थांबतात. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर, नवी मुंबई येथील केंद्रात 2023 पासून हा उपचार दिला जातो.

भारतीय स्त्रियांच्या दृष्टीने या पद्धतीचा सर्वांत मोलाचा उपयोग गर्भाशयमुखाच्या कर्करोगात झाला आहे. शस्त्रक्रियेनंतर ओटीपोटाला किरण द्यावे लागले तर रिकाम्या झालेल्या जागेत आतडी उतरतात, त्यांना मोठी मात्रा मिळते, आणि कर्करोग बरा झालेल्या स्त्रीला पुढे अनेक वर्षे जुलाब, रक्तस्राव किंवा आतड्याचा अडथळा सोसावा लागतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या ‘पार्सर’ चाचणीत 300 स्त्रियांची यादृच्छिक विभागणी करून, प्रतिमानिर्देशित व झोताची तीव्रता जागोजाग बदलणाऱ्या उपचाराची जुन्या त्रिमितीय उपचाराशी तुलना करण्यात आली. तीन वर्षांच्या अखेरीस आतड्याचा मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा त्रास जुन्या पद्धतीत 42.4 टक्के, तर नव्या पद्धतीत 21.1 टक्के स्त्रियांना झाला. रोगनियंत्रणात मात्र फरक पडला नाही. त्रास निम्म्याने घटण्याचे श्रेय एकट्या प्रतिमांकनाला देता येणार नाही, पण त्याशिवाय एवढ्या नेमक्या झोताचा भरवसा धरता आला नसता.

शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांत बाह्य किरणांनंतर ब्रेकीथेरपी, म्हणजे किरणस्रोत गर्भाशयाच्या पोकळीत ठेवून दिलेला उपचार, अनिवार्य असतो. पूर्वी त्याची मात्रा साध्या क्ष-किरण छायाचित्रावरील ठरावीक बिंदूंवर मोजली जाई. आता उपकरण आत बसवल्यावर एमआरआय काढून उरलेल्या गाठीच्या आकारानुसार मात्रा ठरवली जाते. अनेक देशांतील केंद्रांनी मिळून केलेल्या ‘एम्ब्रेस-1’ या अभ्यासात, ज्यात टाटा मेमोरियलचाही सहभाग होता, 1,341 रुग्णांपैकी पाच वर्षांच्या अखेरीस 92 टक्क्यांमध्ये मूळ जागेचा रोग आटोक्यात राहिला. जेथे प्रत्येक वेळी एमआरआय काढणे परवडत नाही, तेथे पहिल्या बैठकीला एमआरआय आणि पुढच्या बैठकींना सीटी किंवा पोटावरून केलेली सोनोग्राफी, असा मार्ग भारतातील केंद्रांनी वापरला आहे, आणि मर्यादित साधनांच्या रुग्णालयांसाठी तोच सर्वांत व्यवहार्य ठरतो.