कडब्याचा हिशोब

परवा बऱ्याच दिवसांनी गावी जाणं झालं. वाशीम जिल्ह्यातलं आमचं गाव. सवयीने आधी गोठ्यात डोकावलो. गव्हाण आहे, खुंटे आहेत, दावी आहेत... बैल नाहीत! काका म्हणाले, "त्यायले खाऊ काय घालू? कडबाच नाही राह्यला."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना.

आजोबांचं पेरणीचं गणित गव्हाणीपासून सुरू व्हायचं. खाणारी तोंडं किती, त्यावर ज्वारी किती. पावसाने वीतभर ओल झाली की तिफण निघे. ज्वारीला उशीर करायचा नाही, नाहीतर खोडमाशी पडते. पऱ्हाटीत मधेमधे तुरीचं तास. यंदा जिथे पऱ्हाटी, तिथे पुढच्या वर्षी ज्वारी. पावसाने ताण दिला की कोवळ्या ज्वारीत गुरं शिरू द्यायची नाहीत, विष चढतं. (त्या धांड्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं, हे मला फार नंतर कळलं.) म्हणजे एकाच पिकात माणसाची भाकरी आणि बैलाची वैरण, दोन्हींचा विचार.

हा हिशोब पहिल्यांदा बिघडला तो इंग्रजांच्या काळात. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. कापूस वाढला, धान्य आणि चराई मागे हटली. मग 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ आले. लक्ष्मण सत्या या इतिहासकारांनी वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळाच्या नात्यावर अख्खं पुस्तकच लिहिलंय. तेव्हा आपलं वाशीम स्वतंत्र जिल्हा होतं बरं का! 1905 मध्ये ते अकोल्यात विलीन झालं आणि 1998 मध्ये पुन्हा वेगळं निघालं.

दुसऱ्यांदा हिशोब बदलला तो चांगल्या हेतूने. 1964 मध्ये सीएसएच-1 हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. दाणा भरपूर, पण ताट बुटकं. म्हणजे कडबा कमी. शिवाय लवकर पिकणारी, त्यामुळे परतीच्या पावसात सापडली की दाणा काळा पडायचा. देशाला धान्य हवं होतं, ते मिळालं. पण एकरी किती क्विंटल हे मोजताना कडब्याच्या पेंढ्यांकडे कोणी फारसं बघितलं नाही.

मग नव्वदच्या दशकात सोयाबीन पसरलं. शंभर दिवसांत पीक मोकळं, दिवाळीच्या सुमारास हातात पैसा, वर हरभऱ्याला रान तयार. याला शेतकरी नाही कसा म्हणणार? मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण सोयाबीनच्या कुटाराला कडब्याची सर नाही. कडबा गेला तसे बैल गेले, ट्रॅक्टर आला, आणि बैलांबरोबर शेणखतही गेलं. आधी काय गेलं आणि नंतर काय, हे काकांनाही नीट सांगता येत नाही.

गंमत म्हणजे आजचा सल्ला ऐकला की आजोबाच आठवतात. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं शास्त्रज्ञ सांगतात. आजोबांची ती वीतभर ओलच नाही का! बीटी कापूस 2002 मध्ये आला, पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली. आता सांगतात की फरदड घेऊ नका, वेचणी संपली की रानात शेळ्या-मेंढ्या चारा, त्या किडकी बोंडं खाऊन टाकतात. म्हणजे ज्या जनावरांना आपण हिशोबातून वगळलं, त्यांनाच पुन्हा बोलावणं आलंय.

जुनं सगळं सोनं होतं असं मला म्हणायचं नाही. खोडमाशी होती, दुष्काळही होते. पण पीक निवडताना गव्हाणीत काय पडेल, हा प्रश्न विचारला जायचा. निघताना काकांना म्हटलं, धुऱ्याकडच्या तुकड्यात थोडी ज्वारी पेरून बघू या का यंदा? काका हसले. "खाईन कोन?" म्हणाले.

मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या घरच्या गोठ्यात काय आहे? जरूर कळवा.