धूळपाटी, चावडी आणि बालाघाट: विकिपीडियावर नव्याने लिहिणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक श्रीधर व्यंकटेश केतकर १८८४ साली रायपूरला जन्मले, म्हणजे आपल्याच जुन्या मध्य प्रांतात. ज्ञानकोशाचे तेवीस खंड झाले. छापलेलं पान बदलायचं तर नवी आवृत्ती काढावी लागे. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर तेच काम दोन मिनिटांत होतं, शिवाय कुणी काय बदललं ते ‘इतिहास’ या कळीखाली राहतं. कोणत्या बखरीला अशी सोय होती?

आपल्या मंडळातली काही मुलं तिथे लिहू लागलीत, म्हणून थोडं सांगतो. सरावाच्या पानाला तिथे ‘धूळपाटी’ म्हणतात. पंतोजींच्या शाळेत मुलं धुळीवर अक्षर गिरवत, पुसत, परत गिरवत, तसंच करायचं. शंका ‘चावडी’वर विचारायची. वाद झाला तर लेखाच्या चर्चापानावर बोलायचं, खोडाखोडी करायची नाही.

आता आपला जिल्हा घ्या. ‘बालाघाट’ म्हटलं की महाराष्ट्रातल्या वाचकाला बीड-लातूरकडची डोंगररांग आठवते, म्हणून दुवा देताना ‘बालाघाट जिल्हा’ असंच लिहा. नावाचा अर्थ घाटावरचा मुलूख, पण शहर वसलंय खाली, वैनगंगेच्या खोऱ्यात, आणि त्याचं जुनं नाव बुऱ्हा. जिल्हा झाला १८६७ मध्ये, भंडारा, मंडला, सिवनीचे भाग जोडून. १९५६ ला भंडारा मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे आपल्या मुलखाची जुनी माहिती शोधताना भंडाऱ्याची पुस्तकंही उघडावी लागतात.

खरी अडचण पुढे आहे. आजीनं सांगितलेली लांजीच्या किल्ल्याची गोष्ट तिथे चालत नाही. आधी कुठेतरी छापलेलं हवं. मुलांना याचा राग येतो. मला नियम पटतो, पण आपल्यासारख्यांना तो जड जातो हेही खरं. इंग्रज साहेबानं लिहिलेलं गॅझेटियर संदर्भ ठरतं, आणि पोवारी बोलणाऱ्या म्हातारीची आठवण ठरत नाही.

म्हणून आधी आठवणी टिपा: सांगणाऱ्याची परवानगी, गाव, तारीख यांसकट. मग त्या एखाद्या नियतकालिकाकडे पाठवा, जिथे मजकूर तपासून छापतात. छापून आल्यावर आपलाच लेख आपणच संदर्भ म्हणून चिकटवू नका. चर्चापानावर सुचवा, दुसरं कुणी पारखून घेईल. आणि गॅझेटियर वापरताना ते कोणत्या सरकारसाठी लिहिलं गेलं, तेही लेखात येऊ द्या.